विजेचं विचारा: जैतापूर, तारापूर आणि चंद्रपूरची राख

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले की रात्रीच्या विजेसाठी अणुभट्टी कामाची आहे. त्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय या महिन्यात बाजूला ठेवले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलचक पत्रं छाटली आहेत आणि दोन पत्रांतल्या शिव्या काढल्या आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: माझी सगळी नोकरी राज्य भार प्रेषण केंद्रात झाली. कुठल्या केंद्राने किती वीज बनवायची आणि कमी पडली तर कुणाची तोडायची, हे तिथे ठरतं. अणुभट्टी मी कधी चालवलेली नाही. मी तिची गिऱ्हाईक. उत्तरंही गिऱ्हाइकाच्या बाजूनेच आहेत.

प्रश्न: ताई, आमचं घर राजापूर तालुक्यात, माडबनपासून फार लांब नाही. मी मुंबईत असतो. गावी गेलं की दोघे भाऊ भांडतात. एक म्हणतो प्रकल्प आला तर पोरं गावात राहतील. दुसरा म्हणतो कोकणाचं चेर्नोबिल होईल. मी कुणाची बाजू घेऊ?
(एक चाकरमानी, विक्रोळी)

तुमचे भाऊ अणुऊर्जेवर भांडताहेत. माडबनला, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या जागेवर, नुसती 'अणुऊर्जा' येणार नाही. आल्याच तर फ्रान्सच्या ईपीआर जातीच्या सहा भट्ट्या येतील, प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या, एकूण 9900 मेगावॉट. भांडायचं तर त्यांच्यावर भांडा.

या जातीचा इतिहास बघा. फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला पहिल्या ईपीआरचं काम 2005 मध्ये सुरू झालं, वीज 2009 मध्ये यायची होती. नियमित वीज आली एप्रिल 2023 मध्ये. खुद्द फ्रान्सने फ्लामाँव्हिलला 2007 मध्ये काम काढलं आणि पाच वर्षांत संपवू म्हटलं. ती भट्टी ग्रिडला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये, आणि 3.3 अब्ज युरोंचा अंदाज 13 अब्जांच्या वर गेला. चीनने ताइशानला दोन भट्ट्या 2018 आणि 2019 मध्ये चालू करून दाखवल्या खऱ्या, पण वेळापत्रक तिथेही पाळलं गेलं नाही.

अणुभट्टीत इंधनाचा खर्च थोडा आणि बांधकामाचा अवाढव्य, म्हणून सगळा खेळ व्याजाचा. समजा, आज 100 रुपये 10 टक्के व्याजाने उचलले. वीज पाच वर्षांनी आली तर डोक्यावर 161 रुपये झालेले असतात, दहा वर्षांनी आली तर 259 आणि पंधरा वर्षांनी आली तर 418. हे पैसे शेवटी युनिटच्या दरातूनच वसूल होतात. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, तुम्हाला दाभोळ आठवत असेल. 1999 मध्ये एन्रॉनची वीज सुरू झाली आणि 2001 मध्ये आमच्या वीज मंडळाला ती परवडेना म्हणून घेणं थांबवावं लागलं. केंद्र धडधाकट होतं, तंत्रज्ञानात खोट नव्हती. करारात होती.

आता दुसऱ्या भावाची भीती. चेर्नोबिलची भट्टी वेगळ्या जातीची होती. तिच्यात ग्राफाइट होतं आणि तिच्यावर जाड काँक्रीटचं बंदिस्त कवच नव्हतं. ते जसंच्या तसं माडबनला व्हायचं नाही. भीती बाळगायची तर फुकुशिमाची बाळगा. अणुभट्टी बंद केली तरी ती थंड होत नाही. चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहावेत तसं आहे ते: बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, आणि कमी होत गेली तरी दिवसच्या दिवस निघत राहते. ती काढायला पाणी फिरवावं लागतं, पाणी फिरवायला पंप आणि पंपाला वीज. 11 मार्च 2011 ला भूकंपाने बाहेरची वीज गेली, त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि पुढचं जगाने पाहिलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशात नरोऱ्याच्या अणुकेंद्रात 31 मार्च 1993 च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटून आग लागली, तेव्हा त्या युनिटमध्ये 17 तास वीज नव्हती. तिथल्या लोकांनी प्रसंग निभावून नेला. 2004 च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुकेंद्राच्या पंपघरात पाणी शिरलं आणि भट्टी सुखरूप बंद केली गेली. म्हणून मी कुठल्याही केंद्राबद्दल पहिला प्रश्न विचारते: सगळी वीज गेली तर पंप कशावर चालणार, आणि ती सोय किती उंचीवर आहे? माडबनचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, समुद्रापासून चांगला उंच आहे, ही त्या जागेची जमेची बाजू. भूकंपाचं म्हणाल तर 2011 मध्ये रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर या भूकंपतज्ज्ञांनी 'करंट सायन्स' या विज्ञानपत्रिकेत या भागाच्या भूकंपप्रवणतेवर प्रश्न उभे केले होते. त्यांना उत्तर आकड्यांनी द्यायला हवं, नुसतं 'काळजी नको' म्हणून भागत नाही.

पहिल्या भावाला सांगा की बांधकामाच्या काळात माणसं भरपूर लागतात, चालू झाल्यावर थोडी, आणि तीही शिकलेली. पोरं गावात राहायला हवी असतील तर करारात राजापूरच्या आयटीआयचं नाव आधी यावं, मग भट्टीचं.

माझं मत विचाराल तर जैतापूरच्या या सहा भट्ट्यांना मी आज नाही म्हणेन, दर आणि मुदत कागदावर बांधून मिळेपर्यंत. अणुऊर्जेला मात्र मी नाही म्हणत नाही. दोन्ही भावांना हे पटणार नाही, म्हणजे निदान जेवताना एकाच बाजूला बसतील.

प्रश्न: मी चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम, कोकणात एक भट्टी येणार म्हटलं की सगळा महाराष्ट्र बोलतो. आम्ही रोज राख खातो त्यावर कुणी बोलत नाही. अणुऊर्जा धोक्याची आणि कोळसा काय देवाचा प्रसाद?

तुझा राग रास्त आहे, आणि हिशेब तुझ्याच बाजूने आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं. पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला चाळीस हजार टनांहून जास्त कोळसा लागतो, म्हणजे मालगाड्यांच्या दहा-अकरा रेक. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के, ती रोज कुठेतरी टाकावी लागते. याउलट तारापूरच्या 540 मेगावॉटच्या एका युनिटला दिवसाला नैसर्गिक युरेनियम लागतं साधारण पाव टन. एका टेम्पोत बऱ्याच दिवसांचं इंधन मावेल.

हवामानाचा हिशेबही तसाच. 'आयपीसीसी' या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2014 च्या अहवालात खाणीपासून केंद्र मोडेपर्यंतचा सगळा कार्बन धरून मांडणी आहे. विजेच्या एका युनिटमागे कोळशाचे मधल्या अंदाजाने 820 ग्रॅम, अणुऊर्जेचे 12.

अणुभट्टीचा अपघात एका दिवशी होतो, त्याला तारीख असते, म्हणून तो बातमीत येतो. राखेला तारीख नसते. पण एक लक्षात ठेव. कोकणात अणुभट्टी आली म्हणून चंद्रपूरची धुराडी आपोआप बंद होणार नाहीत. राज्याची उन्हाळ्यातली मागणी आता 30 हजार मेगावॉटच्या घरात गेली आहे. नवी वीज आली की ती वाढलेल्या मागणीत जिरते आणि जुनं केंद्र धुमसत राहतं. तुला भांडायचं असेल तर राखेच्या पाइपलाइनसाठी, धुरातला गंधक काढणाऱ्या यंत्रणेसाठी आणि जुनी युनिटं बंद करण्याच्या तारखेसाठी भांड. ते भांडण माडबनवर अवलंबून नाही.

प्रश्न: काकू, सोलर आता अडीच रुपये युनिटने मिळतं असं वाचते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरही बसवलंय. मग ही महागडी, धोक्याची भट्टी कशाला हवी? तुमचा तो 'रात्रीची वीज' मुद्दा नीट समजावून सांगा.
(एक गृहिणी, डोंबिवली)

सांगते. हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

भार प्रेषण केंद्रात भिंतीवर एक आकडा असतो: फ्रिक्वेन्सी. तो 50 च्या आसपास राहिला पाहिजे. 49.90 च्या खाली गेला की फोन वाजायला लागतात. मागणी वाढली की तो घसरतो, वीज जास्त झाली की चढतो. साठवून ठेवायची सोय फार थोडी, म्हणून आत्ता लागणारी वीज आत्ताच बनवायची. दुपारी तुमच्या आणि इतरांच्या गच्च्यांवरून, धुळे-सोलापूरच्या माळावरून भरपूर सौर वीज येते. संध्याकाळी सहानंतर ती उतरते आणि नेमकी तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, एसी, मिक्सर सुरू होतात. तासा-दोन तासांत हजारो मेगावॉटची खोट भरून काढायची असते.

तिथे कामाला येते कोयना. पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. कोयनेएवढी लाडकी मुलगी आमच्या घरात दुसरी नव्हती. पण पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधून दिलंय, त्यामुळे ती जपून वापरायची. घाटघरचं उदंचन केंद्र (पाणी वर चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा सोडायचं) 250 मेगावॉटचं, तेही छोटं.

अणुभट्टी ही कोयनेच्या अगदी उलट स्वभावाची. तिचा आलेख सरळ रेघ. पहाटे तीनला जेवढी, दुपारी तीनला तेवढीच. तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या युनिटांत आणि कर्नाटकातल्या कैग्यात भट्टी चालू असतानाच इंधन बदलता येतं, त्यामुळे ती थांबवावीही लागत नाही. कैग्याचं पहिलं युनिट 2018 च्या अखेरीपर्यंत सलग 962 दिवस चाललं, तेव्हा तो जगातला विक्रम होता. पाळीवर बसलेल्या माणसाला अशी रेघ दिसली की बरं वाटतं. डोकं लावायला बाकीची केंद्रं असतातच.

आता तिचा तोटा, जो वर्तमानपत्रांत सहसा येत नाही. ही रेघ खाली वाकत नाही. दिवाळीत कारखाने बंद असतात, पावसाळ्यात शेतीपंप बंद असतात, रात्री मागणी कोसळते. तेव्हा आम्ही कोळशाच्या युनिटांना बॅकडाऊन द्यायचो, पार निम्म्यापर्यंत उतरवायचो. अणुभट्टीला हात लावायचा नाही असा नियम. तिची वीज घ्यायचीच. आता सौर वीज वाढली तशी दुपारचीही हीच गत झाली आहे. दुपारी वीज उतू जातेय आणि अणुभट्टी म्हणते, माझं तेवढंच. चार-सहा टक्के अणुवीज असेल तर हे खपून जातं. देशात आज ती तीन टक्क्यांच्या आसपास आहे. सरकारने 2047 पर्यंत 100 गिगावॉटचं, म्हणजे एक लाख मेगावॉटचं लक्ष्य ठेवलंय. तेवढी झाली तर दुपारी कुणाला थांबवायचं हा प्रश्न माझ्या जागी बसलेल्या पोरींना सोडवावा लागेल.

आणि ती ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, तर? कोळशाचं युनिट पडलं की काही तासांत परत उठतं. आपल्या जड पाण्याच्या भट्टीत पडल्याबरोबर झेनॉन वायू साचायला लागतो. तो न्यूट्रॉन गिळतो आणि भट्टीला पेटू देत नाही. अर्ध्या तासात उठली तर उठली, नाही तर दीड दिवस तिचं नाव काढायचं नाही. 540 मेगावॉट दीड दिवस गायब हे मे महिन्यात फार महाग पडायचं. आता 1650 मेगावॉटची एकच भट्टी अशी पडली तर काय, याचा विचार करा. 2013 च्या शेवटी दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाला जोडली गेली, त्यामुळे धक्का आता सगळ्या देशात वाटला जातो. पण तेवढी राखीव वीज कुणीतरी सतत तयार ठेवावी लागते आणि तिचे पैसे तुम्ही-आम्हीच देतो.

मग सोलर की अणू? बॅटरीसकट येणाऱ्या सौर विजेच्या निविदा वेगाने उतरताहेत. संध्याकाळचे चार तास बॅटरी सांभाळून नेईल, असं मला वाटायला लागलंय. जुलैत आठवडाभर आभाळ भरलेलं असताना रात्रभर कारखाने चालवायचे, तर अजून तरी मला ती सरळ रेघ हवी आहे. थोडी. सगळं ताट तिनेच भरायला नको.

प्रश्न: माझे आजोबा पोफरणचे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी उठवली. तुम्ही फायदे-तोटे मांडता तेव्हा आम्हाला कुठल्या रकान्यात धरता?
(पालघर जिल्हा)

बहुतेक हिशेबांत कुठल्याच रकान्यात धरत नाहीत, हे खरं उत्तर आहे.

त्या दोन युनिटांची वीज महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा यांच्यात वाटली जाते. पाच राज्यांत वाटलेला फायदा प्रत्येकाला थोडा थोडा मिळतो आणि कुणाला जाणवतही नाही. तोटा मात्र दोन गावांत साचतो. किनाऱ्यावरच्या माणसाला आत नेऊन घर दिलं, तरी त्याचं बंदर आत नेता येत नाही. भारनियमनाच्या काळात आम्ही तास ठरवायचो ते वीजगळती आणि वसुलीवर. केंद्र कुणाच्या गावाला लागून आहे, याचा त्यात काही संबंध नव्हता. तारापूरच्या भट्ट्यांपासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या जव्हार-मोखाड्याला अंधार आणि मुंबईला उजेड, हे मी स्वतः पाळीवर बसून केलेलं काम आहे. नियमाप्रमाणेच केलं.

जैतापूरला जमीन गेलेल्यांचा मोबदला 2013 मध्ये वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख केला. पण साखरी नाट्याच्या मच्छीमाराच्या नावावर समुद्राचा सातबारा नसतो. भट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते, बाकी सगळी थंड करायला घेतलेल्या पाण्याबरोबर समुद्रात जाते. शिवाय सुरक्षेसाठी काही पाण्यात बोटींना मज्जाव. त्याचा दर कसा लावायचा, यावर कुणी नीट बसून बोललं नाही आणि एप्रिल 2011 मध्ये आंदोलकांवरच्या गोळीबारात एक तरुण गेला. प्रकल्पग्रस्त हा एकदा द्यायच्या भरपाईचा धनी न मानता विजेच्या प्रत्येक युनिटमागे काही पैशांचा वाटेकरी मानावा, असं मला फार वर्षांपासून वाटतं. वर्षाला किती युनिटं निघाली हे मोजायला मीटर आहेच.

प्रश्न: आम्ही काणकोणचे, कैगा इथून फार दूर नाही. गावात कुणाला कॅन्सर झाला की लोक त्या दिशेला बोट दाखवतात. खरं किती?

किरणोत्सार मोजता येतो, ही त्यातली चांगली गोष्ट. माणसाला जमिनीतून, आकाशातून, अन्नातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) मिळतातच. केंद्रामुळे बाहेरच्या माणसाला वर्षाला 1 पेक्षा जास्त मिळता कामा नये अशी आपली मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी खाली मिळतात. पोटाचा एक सीटी स्कॅन काढला की आठ-दहा मिळतात. शेजारच्या माणसाला कैग्यामुळे कॅन्सर झाला असं म्हणायला या आकड्यांत आधार नाही. तंबाखूकडे बोट दाखवा, ते बहुधा योग्य जागी लागेल.

पण कैग्याची दुसरी गोष्ट मी विसरलेले नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये कुणीतरी आतल्याच माणसाने पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये किरणोत्सारी ट्रिशियम असलेलं जड पाणी मिसळलं, आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेलं. भट्टीचं डिझाइन कितीही चांगलं असो, कूलरला कुलूप लावायचं राहतं. म्हणून तपासणारा माणूस स्वतंत्र हवा. आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 चं. 'कॅग'ने 2012 च्या अहवालात त्याच्या स्वायत्ततेवर ताशेरे ओढले होते. ज्यांना तपासायचं त्यांच्याच छत्राखाली तपासनीस बसलेला होता. मला किरणांपेक्षा याची काळजी जास्त वाटत आली आहे.

प्रश्न: कचऱ्याचं काय? हजारो वर्षं सांभाळायचा म्हणे.
(निवृत्त शिक्षक, सांगली)

वापरलेलं इंधन आपण सरसकट फेकत नाही. ते विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम परत काढतो. उरलेला जहाल कचरा काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात. हे काम तारापूरला आणि मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) होतं. आकाराने हा कचरा थोडाच असतो. त्यातलं सीझियम 30 वर्षांत निम्मं होतं, ते आपल्या आवाक्यातलं आहे. प्लुटोनियमला निम्मं व्हायला 24 हजार वर्षं लागतात, म्हणून ते काढून घेण्याला महत्त्व. कायमचं पुरायची जागा मात्र आपल्याकडे नाही. फिनलंडने खडकात चारशेहून अधिक मीटर खोल बोगदे खोदलेत. आपण अजून डबे राखत बसलोय, चांगले राखतोय, पण राखतोय.

प्रश्न: एवढी सुरक्षित असेल तर मलबार हिलवर बांधा की!
(पुणे. हे पत्र बऱ्याच जणांनी लिहिलं आहे, एकाचं छापते.)

मुंबईकरांनी हसू नये. तुर्भ्याला 'अप्सरा' 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झाली, मग 'सायरस', मग 1985 पासून 'ध्रुव'. चेंबूरला वडापाव खाणारा माणूस आयुष्यभर अणुभट्टीच्या शेजारीच राहिलाय. फरक एवढाच की त्या संशोधनाच्या. 'ध्रुव'ची औष्णिक क्षमता 100 मेगावॉट, तारापूरच्या एका 540 च्या युनिटची त्याच्या सतरा-अठरा पट. मोठ्या भट्टीभोवती माणसं कमी असावीत, वेळ आली तर हलवता यावीत, म्हणून ती गावाबाहेर ठेवतात. टोमण्यातला राग मला कळतो: ज्यांना वीज जास्त लागते त्यांनी धोका का घेऊ नये? धोका हलवता येत नसेल, तर पैसे तरी हलवा. ते पोफरणच्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न: अपघात झालाच तर भरपाई कोण देणार?
(वकील, नाशिक)

भोपाळ डोळ्यांसमोर असल्यामुळे 2010 च्या कायद्यात आपण एक कडक कलम घातलं: केंद्र चालवणाऱ्याने 1500 कोटींपर्यंत भरपाई द्यायची आणि दोष यंत्र पुरवणाऱ्याचा असेल तर त्याच्याकडून वसूल करायची. परदेशी कंपन्या इतकी वर्षं याच कलमावर अडून बसल्या. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा 'शांती' कायदा केला, खासगी कंपन्यांना दार उघडलं, नियामक मंडळाला कायद्याने दर्जा दिला आणि ते वसुलीचं कलम गेलं. तुम्ही वकील आहात, मी विचारते: पुरवठादाराला आपल्या यंत्राची एवढी खात्री आहे, तर त्याच्यावर जबाबदारी टाकणारं कलम त्याला का बोचत होतं? उत्तर पाठवा, जागा ठेवते.

पुढच्या महिन्यात स्मार्ट मीटर. त्यावरची पत्रं आधीच पोत्याने आली आहेत, आणखी पाठवू नयेत.